थांबता येईल तिथे टप्पा : नेटवर्क-देखरेखीच्या सॉफ्टवेअरचे अपग्रेड

सोलरविंड्स या अमेरिकी कंपनीचे 'ओरायन' हे नेटवर्कवर देखरेख ठेवणारे सॉफ्टवेअर. त्यात हल्लेखोरांनी आपला कोड घुसवल्याचे १३ डिसेंबर २०२० रोजी उघड झाले. मार्च ते जून २०२० या काळात निघालेल्या अपडेटमधून, कंपनीच्या खऱ्या डिजिटल सहीसकट, तो कोड ग्राहकांच्या घरात शिरला. बाधित आवृत्ती घेतलेल्या ग्राहकांची संख्या १८ हजारांच्या आत असावी, असा कंपनीचा अंदाज होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १५ फेब्रुवारी २०२१ रोजी, फ्रान्सच्या 'आन्सी' या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने एक अहवाल काढला. 'सेंट्रिऑन' या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमार्फत काही फ्रेंच संस्थांमध्ये २०१७ च्या अखेरीपासून घुसखोरी चालू होती. तिथे सापडलेल्या आवृत्त्या कित्येक वर्षे जुन्या होत्या. त्यांचा पाठिंबा कधीच संपला होता.

एकीकडे अपडेट घेणारे सापडले, दुसरीकडे न घेणारे. मोठ्या संस्थांच्या नेटवर्क विभागांतला जुना वाद यातून पुन्हा उभा राहतो. चालते आहे ना, मग हात लावू नका, असे म्हणणारा एक पक्ष असतो. नवी आवृत्ती आली की लगेच घ्या, असे म्हणणारा दुसरा. दोघांच्याही हाताशी आता एकेक दाखला आहे आणि दोघांचेही अर्धेच खरे आहे. अपग्रेड टाळून भागत नाही, घाईने उरकूनही भागत नाही. ते टप्प्याटप्प्याने करावे, हे बहुतेकांना मान्य असते. पण टप्पा कशाला म्हणायचे, यावर मात्र फार कमी विचार होतो. बऱ्याच आराखड्यांत टप्पे म्हणजे निव्वळ तारखा असतात: या शनिवारी सर्व्हर, पुढच्या शनिवारी शाखा. माझे म्हणणे असे की, जिथे काम थांबवून आठवडाभर निर्धास्त राहता येते आणि वेळ आली तर मागे फिरता येते, तिथेच टप्पा पडतो. अशा जागा सॉफ्टवेअरच्या रचनेत आधीपासून असतात. त्या हुडकून काढणे हे नियोजनाचे खरे काम. प्रत्यक्ष उदाहरण म्हणून इथे प्रामुख्याने 'झॅबिक्स' घेतले आहे. ते मुक्त आहे, त्याची कागदपत्रे खुली आहेत आणि त्याच्या आवृत्त्यांचे नियम स्पष्ट लिहिलेले आहेत.

देखरेखीची घडण

बँक असो, कारखाना असो की विद्यापीठ, संस्थेच्या नेटवर्कवर शेकडो राउटर, स्विच, फायरवॉल आणि सर्व्हर असतात. देखरेखीचे सॉफ्टवेअर ठरावीक वेळाने त्या प्रत्येकाची विचारपूस करते: चालू आहेस का, किती बाइट गेले, प्रोसेसरवर ताण किती. माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला 'पिंग' आजही या विचारपुशीची पहिली पायरी आहे. उपकरणांशी बोलण्याची एसएनएमपी ही सामाईक पद्धत १९८८ मध्ये आली. तिची तिसरी, सुरक्षित आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये पूर्ण मानक ठरली. टोबियस ओटिकर यांनी १९९५ मध्ये 'एमआरटीजी'मधून लिंकवरच्या वाहतुकीचे आलेख दाखवले, १९९९ मध्ये एथन गॅलस्टॅड यांनी पुढे 'नागिओस' या नावाने गाजलेला प्रकल्प सुरू केला आणि २००१ मध्ये लाटव्हियातल्या रीगा शहरात अलेक्सी व्लादिशेव यांचे झॅबिक्स लोकांसमोर आले.

या सगळ्यांची घडण साधारण सारखीच. यंत्रावर बसणारा छोटा एजंट; दूरच्या शाखेत माहिती गोळा करणारा मधला सर्व्हर, ज्याला झॅबिक्समध्ये प्रॉक्सी आणि ओरायनमध्ये जादा पोलिंग इंजिन म्हणतात; मध्यवर्ती सर्व्हर आणि त्याचा डेटाबेस; शेवटी माणसांना दिसणारा वेब पडदा आणि वाजणारे अलर्ट. अपग्रेडचा आराखडा या थरांवरच आखावा लागतो.

या कामाला इतर अपग्रेडपेक्षा वेगळे करणाऱ्या दोन गोष्टी आहेत. हिशेबाचे किंवा ईमेलचे सॉफ्टवेअर बदलताना काही बिघडले, तर देखरेख ते सांगते. देखरेखच बदलायला घेतली, तर सांगणारे कोणी उरत नाही. दुसरे असे की या सर्व्हरकडे जवळजवळ प्रत्येक उपकरणात शिरण्याची परवानगी असते. ओरायनचा हल्ला इतका खोल गेला त्याचे हे एक मोठे कारण. म्हणून नव्या सर्व्हरवर जुनी खाती जशीच्या तशी नेण्याआधी प्रत्येकाचा अधिकार तपासावा. जिथे नुसते वाचणे पुरते, तिथे लिहिण्याचा हक्क काढून घ्यावा.

किती काळ टाळता येते

झॅबिक्सच्या दीर्घ पाठिंब्याच्या आवृत्त्यांना पाच वर्षे मिळतात: तीन वर्षे पूर्ण पाठिंबा, पुढची दोन मर्यादित. ५.० ही आवृत्ती मे २०२० मधली. मे २०२५ मध्ये तिची मुदत पूर्ण संपली. ६.० फेब्रुवारी २०२२ मध्ये आली, ७.० जून २०२४ मध्ये. आज ज्यांच्याकडे ५.० आहे, त्यांना यापुढे सापडणाऱ्या छिद्रांवर ठिगळ मिळणार नाही. छिद्रे तर सापडतच राहतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये झॅबिक्सच्या एपीआयमधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. साधा वापरकर्ताही डेटाबेसवर मनमानी करू शकेल अशी ती होती आणि तिची तीव्रता दहापैकी ९.९ धरली गेली. तिच्यात ६.० आणि ६.४ च्या अनेक उपआवृत्त्या अडकल्या होत्या, आणि ७.०.० सुद्धा. दुरुस्ती ७.०.१ मध्ये आली. यातून दोन्ही पक्षांना बोध घेता येतो. जुन्यावर बसून राहणे धोक्याचे आहे आणि शून्यावर संपणारी पहिलीच आवृत्ती प्रत्यक्ष वापरात उतरवणेही शहाणपणाचे नाही. दोन-चार उपआवृत्त्या निघू द्याव्यात, मग हात घालावा.

दिरंगाईचा खर्च व्याजासारखा चढतो, कारण खालचे सगळेच जुने होत जाते. झॅबिक्स ७.० ला पीएचपी ८.०, आणि मायएसक्यूएल ८.०.३० किंवा पोस्टग्रेएसक्यूएल १३ वा त्यापुढचे लागते. अनेक ठिकाणी ५.० ज्या सेंटओएस ७ वर बसवले गेले, त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा पाठिंबा ३० जून २०२४ रोजी संपला. म्हणजे 'झॅबिक्स अपग्रेड' या एका ओळीत प्रत्यक्षात तीन कामे दडलेली असतात: ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि मग झॅबिक्स. ही तिन्ही एका रात्रीत उरकायला घेतली आणि काही बिघडले, तर दोष कोणाचा हे शोधण्यातच पहाट होते. त्यातच कोणी 'आता करतोच आहोत तर एसएनएमपीची तिसरी आवृत्तीही लावून टाकू' असे सुचवतो. सूचना चांगली असते, वेळ चुकीची. एका टप्प्यात एकच बदल, हा नियम कंटाळवाणा वाटला तरी मोडू नये.

तीन वाटा

अपग्रेडच्या तीन वाटा आहेत. पहिली, सगळे एकदम. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांची माहिती नव्या प्रणालीवर मुख्यतः एकाच आठवडाअखेरीस हलवली. पुढे कित्येक दिवस लाखो लोकांना आपल्या खात्यापर्यंत पोहोचता आले नाही. नोव्हेंबर २०१९ मधल्या स्वतंत्र चौकशी अहवालाने या एकदम-स्थलांतराच्या निर्णयावर बोट ठेवले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. ते देखरेखीचे सॉफ्टवेअर नव्हते, पण एकदम उडी मारताना मधे थांबायला जागा उरत नाही, हे त्यातून पुरेसे कळते.

दुसरी वाट समांतर उभारणीची. जुने चालू ठेवून शेजारी नवे उभे करायचे, दोन्ही काही काळ चालवायचे आणि खात्री पटली की जुने बंद करायचे. हिला यंत्रे दुप्पट लागतात. प्रत्येक स्विचला दोनदा विचारणा होते, म्हणून जुन्या, दुबळ्या उपकरणांवर ताण येतो. फायरवॉलमध्ये आणि उपकरणांच्या परवानगी-यादीत नव्या सर्व्हरचा पत्ता घालावा लागतो. पण मागे फिरणे इथे सर्वांत सोपे असते.

तिसरी वाट जागच्या जागी, पण थराथराने. कोकणात पावसाळ्याआधी कौले परततात तेव्हा सगळे छप्पर एकदम उघडे करत नाहीत. एक पट्टा उतरवायचा, फुटकी कौले बदलायची, पट्टा पुन्हा बसवायचा, मगच पुढे सरकायचे. अवेळी सर आलीच तर एकच कोपरा भिजतो. जागच्या जागी अपग्रेडला हाच हिशेब लागू आहे. फक्त छपराचा कोणता भाग पट्ट्यापट्ट्याने निघतो आणि कोणता एकदमच उचलावा लागतो, हे आधी माहीत हवे.

जिथून मागे फिरता येत नाही

तो एकदमच उचलावा लागणारा भाग म्हणजे डेटाबेस. झॅबिक्सचा नवा सर्व्हर पहिल्यांदा सुरू झाला की तो जुन्या डेटाबेसची रचना आपोआप बदलू लागतो. लॉगमध्ये किती टक्के काम झाले याच्या ओळी उमटत राहतात. हा बदल उलटा करण्याची सोय नाही. जुन्याकडे जायचे तर बॅकअपमधूनच. ६.० पासून सर्व्हरची जोडी ठेवून एक पडला तर दुसरा काम उचलेल अशी व्यवस्था करता येते, पण मोठ्या आवृत्तीच्या अपग्रेडला तिचा उपयोग नाही, कारण दोघांच्या खाली डेटाबेस एकच असतो आणि त्या वेळी सगळेच सर्व्हर थांबवावे लागतात.

म्हणून माझ्या मते आराखडा काढायला या बिंदूपासून बसावे. त्याच्या अलीकडची जेवढी कामे उलटवता येतील तेवढी आधी आटोपून घ्यावीत: नवी ऑपरेटिंग सिस्टिम, नवा पण झॅबिक्सच्या सध्याच्या आवृत्तीला चालणारा डेटाबेस, निरुपयोगी झालेल्या उपकरणांची सफाई, जुन्या नोंदींची छाटणी. यातल्या प्रत्येकानंतर थांबता येते. डेटाबेस जितका हलका, तितके त्या एका रात्रीचे काम लहान.

पलीकडचे टप्पे प्रॉक्सीच्या नियमांवर ठरतात. ६.४ च्या आधी सर्व्हर आणि प्रॉक्सी एकाच मुख्य आवृत्तीचे असणे सक्तीचे होते. त्यानंतर नियम सैल झाला. सर्व्हर ७.० वर गेला तरी आधीच्या दीर्घ पाठिंब्याच्या आवृत्तीपर्यंतचे, म्हणजे ६.० पर्यंतचे प्रॉक्सी माहिती गोळा करून पाठवत राहतात. मात्र संरचनेतले नवे बदल त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्याहून जुने प्रॉक्सी नव्या सर्व्हरला चालतच नाहीत. एजंटबाबत झॅबिक्स फारच उदार आहे: १.४ पासूनचे जुने एजंटही नव्या सर्व्हरशी बोलतात, त्यामुळे हजार यंत्रांवरचे एजंट सावकाश, सगळ्यांत शेवटी बदलता येतात.

यातून निष्कर्ष सरळ निघतो. ज्यांच्याकडे ६.० आहे, त्यांनी जागच्या जागी जावे: एका रात्री सर्व्हर, मग काही आठवड्यांत एकेक प्रॉक्सी, मग एजंट. ज्यांच्याकडे ५.० आहे, त्यांना थेट ७.० वर जाण्याची तांत्रिक मुभा आहे, पण प्रॉक्सींना थांबायला जागा नाही. ते सगळे त्याच रात्री बदलावे लागतील. मधे ६.० वर उतरले तरी त्या पहिल्या उडीत तीच सक्ती. अशांनी, विशेषतः शाखा बऱ्याच असतील तर, समांतर वाट धरावी. जुन्या डेटाबेसची प्रत नव्या यंत्रावर उतरवून तिथे ७.० पर्यंतचे रूपांतर करायचे. आधी हीच रंगीत तालीम, आणि ती नीट झाली की हाच नवा सर्व्हर. मग एकेका शाखेचा प्रॉक्सी ७.० चा करून जुन्याकडून नव्याकडे वळवायचा. एजंटच्या संरचनेत दोन सर्व्हरचे पत्ते शेजारी लिहिता येतात, म्हणून संक्रमणकाळात ते दोघांनाही माहिती देऊ शकतात. प्रत काढल्यापासून शाखा वळेपर्यंतचा इतिहास मात्र जुन्यातच राहतो. जुना सर्व्हर लगेच मोडीत न काढता, फक्त वाचण्यापुरता काही महिने ठेवावा.

हाच विचार ओरायनला किंवा दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरला लावता येतो. नियम वेगळे असतील, प्रश्न तेच राहतात. कोणता थर दुसऱ्या आवृत्तीशी किती काळ जुळवून घेतो? आणि कोणता मुळीच घेत नाही?

बॅकअप, म्हणजे परत उतरवून पाहिलेला

मागे फिरण्याची एकमेव वाट बॅकअपमधून जात असेल, तर तो आहे एवढे म्हणून भागत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सेवेच्या अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. त्यानंतर एकेक बॅकअप तपासला, तर रोजचा बॅकअप निघतच नव्हता असे दिसले. डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल ९.६ चा होता आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा. आवृत्तीच्या या विसंगतीमुळे तो दर वेळी अपयशी ठरत होता. अपयशाचे ईमेलही जात होते, पण ईमेलच्या पडताळणीत अडकून नाकारले जात होते. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. या घटनेचा तपशीलवार लेखाजोखा गिटलॅबने स्वतःच जगासमोर मांडला, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

आपल्या विषयाशी तिचे नाते थेट आहे. अपग्रेडमध्ये डेटाबेसची आवृत्ती बदलतेच, म्हणजे बॅकअपची साधनेही जुनी पडण्याचा धोका त्याच आठवड्यात सर्वांत जास्त. म्हणून डेटाबेसच्या रात्रीआधी पूर्ण बॅकअप वेगळ्या यंत्रावर उतरवावा, त्यावर जुना सर्व्हर सुरू करून पाहावा आणि याला किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. तो आकडाच मागे फिरण्याची अंतिम वेळ ठरवतो. पुनर्स्थापनेला चार तास लागत असतील आणि सकाळी सहाला सगळे सुरळीत हवे असेल, तर रात्री दोनला 'पुढे की मागे' हा निर्णय झालाच पाहिजे, आणि तो कोण घेणार त्याचे नाव आराखड्यात हवे. थकलेल्या माणसांना 'अजून अर्धा तास बघू' हा मोह आवरत नाही. आधी लिहिलेली वेळच तो आवरते.

आंधळे तास

सर्व्हर बंद असताना नेटवर्कवर काय घडले, यातले किती नंतर कळू शकते? उत्तर माहितीच्या प्रकारावर अवलंबून आहे. लिंकवरून गेलेल्या बाइटचा आकडा उपकरणात साठत जाणारा असतो. मधले दोन तास विचारले नाही तरी नंतर एकूण फरक आणि सरासरी मिळते, मधला क्षणिक उंचवटा तेवढा हरवतो. अट एवढीच की मोजणी ६४ बिटांची असावी. ३२ बिटांचा आकडा एक गिगाबिटची लिंक पूर्ण भरून चालली तर अवघ्या ३४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो आणि मग फरकाला अर्थ राहत नाही. एसएनएमपी ट्रॅप, म्हणजे उपकरणाने स्वतःहून मारलेली हाक, यूडीपीच्या १६२ क्रमांकाच्या पोर्टवर येते. ती ऐकायला कोणी नसेल, तर साधा ट्रॅप पुन्हा पाठवला जात नाही. त्या काळासाठी ट्रॅप दुसऱ्या एका यंत्राकडे वळवून नुसते फाइलमध्ये लिहून घ्यावेत.

प्रॉक्सी सर्व्हरशी संपर्क तुटला तरी माहिती गोळा करून स्वतःजवळ ठेवतो. पण किती काळ? झॅबिक्समध्ये हा साठा मुळात एका तासाचाच ठरवलेला असतो. तो ७२० तासांपर्यंत वाढवता येतो. डेटाबेसच्या रूपांतराला तीन तास लागले आणि हा आकडा कोणी बदललाच नाही, तर दोन तासांची माहिती साठूनही फेकली जाते. दुसरी गोम अशी की प्रॉक्सीचा साठा एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये असेल, तर मोठ्या आवृत्तीच्या अपग्रेडमध्ये ती फाइल रूपांतरित होत नाही. ती टाकून नवी तयार होते. म्हणून प्रॉक्सी बदलण्यापूर्वी त्याने आपली थकबाकी सर्व्हरकडे पोहोचवली आहे, याची खात्री करावी.

आणि या तासांत दुसरा डोळा उघडा हवा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद पडले. नेहमीच्या देखभालीतल्या एका आदेशाने कंपनीचे अंतर्गत जाळेच तुटले, आणि बिघाड शोधायची साधनेही त्याच जाळ्यावर असल्याने अभियंत्यांचे हात बांधले गेले. आपल्याकडे एवढे मोठे काही नसले तरी धडा तोच. एका वेगळ्या यंत्रावर, शक्यतो वेगळ्या इंटरनेट जोडणीवर, संस्थेच्या अगदी कळीच्या लिंक आणि सेवा दर मिनिटाला पिंग करणारी आणि बिघाड दिसताच थेट मोबाइलवर संदेश टाकणारी छोटी व्यवस्था उभी करावी. तिचा खर्च नगण्य असतो आणि अपग्रेडनंतरही ती कामास येते.

आधी कोण

१९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या सुमारास क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीकडून एक सदोष फाइल जगभरच्या विंडोज यंत्रांवर गेली. ७८ मिनिटांत ती मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रे कोलमडली होती. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. ती फाइल सगळीकडे एकाच वेळी गेली होती. असे बदल यापुढे आधी थोड्या यंत्रांवर, मग क्रमाक्रमाने पाठवू, असे कंपनीने नंतर जाहीर केले.

आपल्या आराखड्यात पहिला मान कोणाला द्यायचा? बहुधा सर्वांत लहान, बिनमहत्त्वाची शाखा निवडली जाते. तिथे चार स्विच असतात, सगळे सुरळीत होते आणि खोटा विश्वास मिळतो. पहिली शाखा अशी निवडावी, जिथे संस्थेतली बहुतेक प्रकारची उपकरणे आहेत, जुना हट्टी स्विचसुद्धा आहे, आणि बिघाड झाला तर तो दोन तास सोसता येतो. प्रयोगशाळेतली चाचणी आवश्यक आहे, पण दहा वर्षांपूर्वीच्या फर्मवेअरचे विक्षिप्त उत्तर प्रयोगशाळेत ऐकू येत नाही. पहिल्या शाखेला पूर्ण आठवडा द्यावा, कारण सोमवारची गर्दी आणि रविवारचा बॅकअप या दोन्ही वेळा पाहायला मिळायला हव्यात.

एक मर्यादा इथे मान्य करायला हवी. ओरायनमधला घुसवलेला कोड बसवल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत निपचित पडून राहत असे. आठवड्याचा टप्पा त्याला पकडू शकला नसता. टप्पे चुकांपासून वाचवतात. कारस्थानापासून वाचवतीलच असे नाही. त्यासाठी देखरेखीच्या सर्व्हरला इंटरनेटवर मोकळे सोडू नये, तो बाहेर कोणाकोणाशी बोलतो याची यादी ठरवावी आणि त्याच्या खात्यांचे अधिकार कापावेत.

अलर्ट, अहवाल आणि माणसे

सर्व्हर उभा राहिला म्हणजे अपग्रेड संपले, असा समज इथे हमखास फसवतो. झॅबिक्समध्ये ५.४ पासून, अलर्ट कधी वाजवायचा हे ठरवणारे ट्रिगर लिहिण्याची पद्धत बदलली, 'ॲप्लिकेशन' जाऊन टॅग आले, जुन्या 'स्क्रीन' डॅशबोर्डमध्ये विलीन झाल्या. ६.२ मध्ये टेम्प्लेटचे गट होस्टच्या गटांपासून वेगळे झाले. ६.४ मध्ये एपीआयने लॉगिन करताना वापरकर्त्याचे नाव देण्याचा जुना शब्द कायमचा बंद झाला. डेटाबेसमधल्या गोष्टी सर्व्हर स्वतः बदलून घेतो. पण कोणी तरी चार वर्षांपूर्वी लिहिलेली, दर महिन्याला व्यवस्थापनाला अहवाल पाठवणारी स्क्रिप्ट त्याला ठाऊक नसते. ती गप्प बसते, आणि कळते ते महिन्याच्या एक तारखेला. म्हणून एपीआय वापरणाऱ्या प्रत्येक गोष्टीची यादी पहिल्याच टप्प्यात करावी. सर्व्हरच्या लॉगमध्ये कोणत्या पत्त्यांवरून विनंत्या येतात ते पाहिले, की विसरलेली नावे आपोआप वर येतात.

अलर्टच्या बाबतीत सर्वांत भरवशाची परीक्षा तुलनेची. समांतर चालवत असाल, तर नव्याचे संदेश काही दिवस फक्त एका पेटीत जमा करावेत आणि जुन्याशी रोज ताडून पाहावेत. जुन्याने वाजवले आणि नव्याने नाही, अशा प्रत्येक घटनेचे कारण सापडल्याशिवाय पुढे जाऊ नये. नव्याने उगाच वाजवलेले तितके घातक नसते, पण त्याचाही निकाल लावावा, कारण शंभर खोट्या हाकांनंतर रात्रपाळीचा माणूस एकशे एकावी खरी हाक ऐकत नाही. त्या माणसाला, जो रात्री तीनला एकटा पडद्यासमोर बसतो, नवा पडदा आधी दाखवावा आणि त्याचे ऐकावे. कोणता आलेख खरोखर पाहिला जातो आणि कोणता नुसता भिंतीवर आहे, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

भारतातले नियम आणि आपले कॅलेंडर

भारतीय संस्थांना या कामात कायद्याची चौकटही पाळावी लागते. 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावी लागतात. आंधळ्या तासांत काही घडले तर सहा तासांचे घड्याळ थांबत नाही. झॅबिक्स ६.० मध्ये ऑडिट लॉगची रचनाच बदलली; जुन्या नोंदी आधी वेगळ्या काढून जपून ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे. रिझर्व्ह बँकेने ७ नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेला आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेला माहिती-तंत्रज्ञान कारभाराचा मुख्य निर्देश तर, डेटा स्थलांतराच्या प्रत्येक टप्प्यावर संबंधितांची मान्यता आणि नोंद मागतो. टप्प्याची कल्पना अशा प्रकारे नियमातच आली आहे.

देखरेख किती महत्त्वाची, हे मुंबईने २४ फेब्रुवारी २०२१ रोजी पाहिले. राष्ट्रीय शेअर बाजारातले व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले, दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले आणि बाजार संध्याकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. दोन दूरसंचार कंपन्यांच्या लिंकमधली अस्थिरता हे कारण बाजाराने सांगितले. एकाच वेळी दोन्ही वाटा डळमळतात, अशा दिवशी देखरेखीचा पडदा अर्धवट अपग्रेडमध्ये असावा, असे कोणालाही वाटणार नाही. म्हणून तारखा आपल्या धंद्याच्या कॅलेंडरवरून ठरवाव्यात. बँकांनी ३१ मार्च आणि प्रत्येक तिमाहीची अखेर टाळावी, दुकानदारीच्या साखळ्यांनी दसरा-दिवाळी. कोकण आणि गोव्यात शाखा असतील, तर जून ते सप्टेंबर हा वीज जाण्याचा आणि केबल तुटण्याचा काळ. तेव्हा लिंक पडली ती पावसाने की अपग्रेडने, हे उमगणार नाही.

टप्पे किती, आणि कुठे नकोत

टप्प्यांचाही अतिरेक होतो. सर्व्हर ७.० वर आणि प्रॉक्सी ६.० वर ही स्थिती झॅबिक्सला चालते, पण त्या शाखेत आज बसवलेला नवा स्विच देखरेखीत येणार नाही, कारण नवी संरचना तिथे पोहोचत नाही. असे अर्धे राहिलेले काम सहा महिने रेंगाळले, तर टप्पा हाच धोका बनतो. म्हणून प्रत्येक टप्प्याला थांबण्याची मुभा आणि संपण्याची मुदत, दोन्ही हवीत. पन्नास उपकरणांच्या लहान संस्थेने एवढा खटाटोप करू नये. चांगला बॅकअप आणि एक मोकळी संध्याकाळ पुरेशी आहे. तसेच, ज्या छिद्रातून हल्ले चालू झाले आहेत त्याचे छोटे ठिगळ आठवडे वाट पाहत लावू नये. ते एका यंत्रावर तपासून त्याच दिवशी सगळीकडे जावे. इथला सावकाशपणा मोठ्या आवृत्त्यांसाठी आहे.

शेवटी हे सगळे व्यवस्थापनाच्या टेबलावर जाते. तिथे मंजुरी देणाऱ्याने प्रत्येक टप्प्यापुढे चार उत्तरे लिहिलेली मागावीत: या टप्प्यात नेमके काय बदलते, किती वेळ काय दिसणार नाही, तोवर कोण कशाने पाहणार, आणि मागे फिरायचे ते किती वाजेपर्यंत व कोणाच्या शब्दावर. चौथ्या प्रश्नाचे उत्तर कोरे असेल, तर तो टप्पा नाही. त्याला वेगळी रात्र, तालीम केलेला बॅकअप आणि जादा माणसे द्यायला हवीत. आणि मंजुरी एका अपग्रेडपुरती न देता दर दोन वर्षांच्या कामाला द्यावी. पुढची दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती येणार हे आज माहीत आहे, आजच्या आवृत्तीची मुदत कधी संपणार हेही माहीत आहे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसांनी, एकेक पायरी उतरत केलेले अपग्रेड बातमीत येत नाही. देखरेखीच्या कामाला याहून मोठी पावती मिळत नाही, आणि ती मिळवणे कोणत्याही संस्थेच्या आवाक्यात आहे.